मुलींचे शिक्षण आणि लिंगभेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणातील लिंगभेद म्हणजे नेमके काय?

केवळ मुलगी आहे म्हणून शिक्षणाची एखादी वाट तिच्यासाठी बंद करणे, अरुंद करणे किंवा कमी दर्जाची ठेवणे म्हणजे शिक्षणातील लिंगभेद. युनेस्कोने १९६० मध्ये शिक्षणातील भेदभावाविरुद्ध जो करार स्वीकारला, त्याची व्याख्या या बाबतीत बारकाईने वाचण्यासारखी आहे. भेद करण्याचा हेतू असेल तरच तो भेदभाव, असे हा करार मानत नाही. एखाद्या नियमाचा परिणाम विषम होत असेल, तर तेवढ्यानेही तो नियम भेदभावाच्या कक्षेत येतो. व्यवहारात हा फरक फार मोठा ठरतो, कारण मुलींना शिकू द्यायचे नाही असे उघडपणे म्हणणारे लोक आज थोडे असतात. शाळा अंधार पडल्यावर सुटणार हा नियम मुलामुलींना सारखाच लागू असतो. पण परतीची वाट मुलीसाठी सुरक्षित नसेल, तर तो सारखा नियम फक्त तिचीच शाळा बंद पाडतो. नियम करणाऱ्यांच्या मनात तसे काही नव्हते, हे खरे असले तरी तिच्या वाट्याला येणारे फळ बदलत नाही.

बहुतेक देशांत मुलींच्या शिक्षणावर बंदी नाही. मग अडचण उरते कुठे?

अडचण उरते ती ‘प्रवेश’ या शब्दाच्या अपुऱ्या अर्थात. पटावर नाव लागले की प्रवेश मिळाला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पटावर नाव लागणे, रोज हजर राहता येणे, वर्गात लक्ष मिळणे, पुढच्या इयत्तेत टिकून राहणे, हवा तो विषय निवडता येणे आणि शिकलेल्याचा उपयोग करता येणे, अशा अनेक पायऱ्या एकापुढे एक असतात आणि प्रत्येक पायरीवर काही मुली मागे राहतात. पहिल्या पायरीची मोजणी सरकारे तत्परतेने करतात, कारण ती सोपी आणि छाती फुगवणारी असते. पुढच्या पायऱ्यांची मोजणी अवघड असते आणि तिथले आकडे अडचणीत आणणारे असतात.

शिवाय यांतील बहुतेक निर्णय कोणत्याही कागदावर उमटत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला आज घरी थांब, परीक्षा जवळ आली तरी पाहुण्यांचे आधी बघ, शिकवणी लावायची तर दोघांपैकी एकाचीच परवडेल, विज्ञानशाखेला खर्च फार येतो तेव्हा तू दुसरे काहीतरी घे. हे सर्व घराच्या आत, हळू आवाजात आणि बहुधा प्रेमाने ठरते. त्याला कोणी भेदभाव म्हणत नाही. म्हणूनच मुली कोणत्या पायरीवर थांबतात आणि तिथे त्यांच्या वतीने निर्णय कोण घेते, हा प्रश्न विचारल्याशिवाय या विषयातले फारसे काही कळत नाही.

आज जगात किती मुली शाळेबाहेर आहेत?

युनेस्कोने २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार शालेय वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली शाळेबाहेर होती आणि त्यांपैकी सुमारे १२ कोटी २० लाख मुली होत्या. म्हणजे शाळेबाहेरच्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित अधिक होती. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते आणि काहींना प्रश्न सुटल्यासारखाही वाटतो. पण जागतिक सरासरी ही वेगवेगळ्या देशांची बेरीज असते. काही देशांत मुलगे लवकर मजुरीला लागतात म्हणून ते मागे पडतात, तर काही देशांत, विशेषतः संघर्षग्रस्त आणि अतिगरीब प्रदेशांत, मुलीच मोठ्या प्रमाणावर वंचित राहतात. या दोन गोष्टींची बेरीज शून्याजवळ आली, म्हणून दोन्हींपैकी एकही नाहीशी होत नाही.

जुन्या भेदभावाची थकबाकी पाहायची असेल तर प्रौढांकडे पाहावे. जगातील निरक्षर प्रौढांपैकी जवळपास दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. भारताच्या २०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकडेवारीत पुरुषांची साक्षरता ८२.१४ टक्के आणि स्त्रियांची ६५.४६ टक्के नोंदली गेली होती. या दोन आकड्यांमधील अंतर त्या वेळी शाळेत असलेल्या मुलींमुळे पडलेले नाही; ते त्यांच्या आयांच्या आणि आज्यांच्या बालपणी पडलेले आहे.

लिंगसमता निर्देशांक म्हणजे काय, आणि तो १ झाला की समता आली असे समजावे का?

शिक्षणाच्या एखाद्या टप्प्यावरील मुलींच्या प्रमाणाला मुलग्यांच्या प्रमाणाने भागले की लिंगसमता निर्देशांक मिळतो. मुलींचे प्रमाण ६० टक्के आणि मुलग्यांचे ८० टक्के असेल तर निर्देशांक ०.७५ येतो. साधारणपणे ०.९७ ते १.०३ या पट्ट्यात तो असला की समता मानली जाते. निर्देशांक उपयोगाचा आहे, मात्र त्याची एक मोठी त्रुटी लक्षात ठेवावी लागते. तो दोन गटांची तुलना करतो, कोणत्याही गटाची स्थिती सांगत नाही. दोन्ही गटांचे प्रमाण ४० टक्के असले तरी तो १ येतो. मुलगे शाळा सोडून कामाला लागले तर मुलींसाठी काहीही न करता तो सुधारतो. आणि पटावरच्या कोणत्या मुली वर्गात येतात, कोणत्या दिवशी येतात आणि आल्यावर त्यांना काय शिकायला मिळते, याबद्दल तो मौन पाळतो.

कायद्यानेच मुलींचे शिक्षण बंद केलेला देश आज आहे का?

होय. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर सप्टेंबरात माध्यमिक शाळा मुलग्यांसाठी उघडल्या, मुलींसाठी उघडल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये त्या उघडणार असे जाहीर झाले होते. मुली दप्तरे घेऊन शाळेपर्यंत पोहोचल्या आणि त्याच दिवशी निर्णय फिरवण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे बंद झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईणीचे प्रशिक्षणही थांबवले गेले. या शेवटच्या निर्णयाचा विचार पुढच्या दृष्टीने केला तर तो किती दूरवर पोहोचतो हे दिसते : स्त्री-रुग्णांना स्त्रीनेच तपासावे असा दंडक असलेल्या समाजात नव्या परिचारिका आणि सुईणी तयार होणेच थांबले, तर काही वर्षांनी स्त्रियांना तपासणार कोण?

सरसकट बंदी नसतानाही काही अभ्यासक्रमांपुरती बंदी घातली जाते. इराणमध्ये २०१२ साली ३६ विद्यापीठांनी मिळून ७७ अभ्यासक्रम केवळ पुरुषांसाठी राखून ठेवले होते आणि त्या काळात तिथल्या विद्यापीठांत मुलींची संख्या लक्षणीय होती. मुली पुढे येऊ लागल्या की दार लोटले जाते, हा क्रम इतिहासात नवा नाही.

पुढारलेल्या देशांत तरी स्त्रियांचे शिक्षण पूर्वीपासून खुले होते ना?

नव्हते, आणि हा गैरसमज मुद्दाम दूर करण्याजोगा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली. केंब्रिजमध्ये स्त्रिया १८६९ पासून, म्हणजे गर्टन महाविद्यालय निघाल्यापासून, शिकत होत्या. परीक्षा देत होत्या. पण पूर्ण पदवीसाठी त्यांना १९४८ पर्यंत थांबावे लागले. १८९७ मध्ये हा प्रस्ताव मताला आला तेव्हा विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. कलकत्ता विद्यापीठातून मात्र कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. आणि एक योगायोग असा, की सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते वर्ष १८४८. केंब्रिजची पदवी त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आली.

यावरून आपण पुढे होतो अशी शेखी मिरवण्यात अर्थ नाही, कारण दोन-चार पदवीधरांच्या मागे लाखो निरक्षर स्त्रिया होत्या. मुद्दा इतकाच, की स्त्रियांना शिक्षण नाकारणे ही कोणत्या एका धर्माची, खंडाची किंवा ‘मागासलेपणाची’ मक्तेदारी कधीही नव्हती. नाकारण्याची कारणे मात्र जागोजागी सारखी होती : स्त्रीची प्रकृती झेपणार नाही, घर उघडे पडेल, पुरुषांचे लक्ष विचलित होईल.

मुलींच्या गळतीचे खरे कारण गरिबी आहे. भेदभावाचा मुद्दा कशाला?

गरिबी हे कारण खरे आहे, पण ते अर्धेच उत्तर देते. घरातले एक मूल शाळेतून काढावे लागणार, हे गरिबी ठरवते. ते मूल कोणते, हे गरिबी ठरवत नाही. तिथे मुलगी म्हणजे परक्याचे धन, तिच्यावर केलेला खर्च दुसऱ्याच्या घरी जाणार, असा हिशेब पुढे येतो. हा हिशेब निव्वळ क्रूरपणातून येतो असे समजणेही चूक ठरेल. म्हातारपणी आधार मुलाचाच असेल, मुलीला पगार मिळाला तरी त्यावर तिच्या माहेरचा हक्क नसेल आणि मुलींना मुळात नोकऱ्याच कमी मिळत असतील, तर आईबापांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर असतो. चुकीची असते ती ज्या जमिनीवर हा हिशेब मांडला जातो ती.

म्हणूनच हिशेब बदलणाऱ्या योजना उपदेशापेक्षा अधिक गुणकारी ठरलेल्या दिसतात. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केले आणि त्याला तीन अटी घातल्या : किमान ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण आणि अविवाहित राहणे. तिसरी अट विशेष बोलकी आहे, कारण तिने लग्न लांबवण्याला थेट पैशाची किंमत दिली. पुढे माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलग्यांच्या बरोबरीला आणि नंतर पुढेही गेली. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या योजनेत माध्यमिक टप्प्यावर मुलींची रक्कम मुलग्यांपेक्षा मुद्दाम जास्त ठेवली होती, कारण गळती तिथेच होते हे आधी तपासून पाहिले होते. प्राथमिक वर्गांत अशी तफावत ठेवलेली नव्हती. गळती जिथे आहे तिथेच पैसा ओतला, हा त्यातला शहाणपणा.

शाळेचे अंतर, शौचालय, मासिक पाळी : यांपैकी कशाचा परिणाम सर्वांत जास्त होतो?

याला एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही, पण काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत. अंतराचा परिणाम मोठा असतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक प्रवेशात सुमारे ३० टक्के वाढ दिसली, मुलामुलींमधील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले आणि हा परिणाम माध्यमिक शाळा तीन किलोमीटरांहून लांब असलेल्या गावांत अधिक ठळक होता. सायकलीने फक्त वेळ वाचवला असे नाही. मुली घोळक्याने सायकलवरून जाऊ लागल्या म्हणजे रस्त्यावरचे त्यांचे असणे नेहमीचे होते आणि एकटीची भीती सगळ्यांत विभागली जाते.

शौचालयांच्या बाबतीत भारतातील शाळांचा अभ्यास सांगतो, की लहान वयात कोणतेही शौचालय बांधले तरी मुलामुलींची पटसंख्या वाढते. वयात येऊ लागलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र फक्त मुलींसाठी वेगळे शौचालय असेल तरच फरक पडतो. दाराला आतून कडी नाही, पाणी नाही किंवा किल्ली शिक्षकांच्या खणात आहे, असे शौचालय कागदावर मोजले जाते, वापरले जात नाही.

मासिक पाळीबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. पाळीमुळे मुली दर महिन्याला चार-पाच दिवस घरी राहतात, असे सर्रास सांगितले जाते. नेपाळमधील एका अभ्यासात मात्र पाळीमुळे बुडणारे दिवस अत्यंत थोडे आढळले आणि पाळीसाठीची साधने दिल्यानेही हजेरीत म्हणावा असा फरक पडला नाही. याचा अर्थ ती साधने देऊ नयेत असा नाही. सन्मान आणि आरोग्य ही त्यासाठी पुरेशी कारणे आहेत. पण नुसते सॅनिटरी पॅड वाटून गळती थांबेल अशी अपेक्षा ठेवली, तर गळतीची खरी कारणे तशीच राहतात आणि वाटपाचे फोटो तेवढे छापून येतात.

बालविवाहामुळे शाळा सुटते, की शाळा सुटल्यामुळे बालविवाह होतो?

दोन्ही घडते. युनिसेफच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी होतात. अनेकींच्या बाबतीत शाळा आधी सुटलेली असते. जवळ पुढची इयत्ता नाही, नापास झाली, घरी बसली, आणि घरी बसलेल्या वयात आलेल्या मुलीचे काय करायचे, या प्रश्नाला लग्न हे तयार उत्तर असते. म्हणून आठवी-नववीच्या उंबरठ्यावर शाळा उपलब्ध असणे हा बालविवाहावरचा एक परिणामकारक उपाय ठरतो. भारतात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. म्हणजे धोका सर्वांत अधिक असतो नेमक्या त्या वयात कायद्याचा हात सुटतो.

गरोदर किंवा आई झालेल्या मुलीला शाळेतून काढणे कायदेशीर आहे का?

काही देशांत ते अगदी अलीकडेपर्यंत सरकारी धोरण होते. पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सिएरा लिओनविरुद्ध निकाल दिल्यावर त्या देशाने मार्च २०२० मध्ये ही बंदी उठवली. टांझानियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये उठवली. बंदीच्या समर्थनार्थ इतर मुलींवर वाईट परिणाम होईल असे सांगितले जाई. त्या बाळाच्या बापाला, तो त्याच शाळेत शिकत असला तरी, गरोदरपणाची चाचणी द्यावी लागत नसे.

मुलींचा कलच गणित आणि तंत्रशास्त्राकडे नसतो, हे खरे नाही का?

कल जन्मजात आणि अटळ असता, तर तो काळाप्रमाणे बदलला नसता. संगणकशास्त्राचे उदाहरण घेऊ. १९४६ मध्ये लोकांसमोर आलेल्या एनिअॅक या अमेरिकी संगणकाची आज्ञावली तयार करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. त्या काळी हे काम कारकुनी समजले जाई, म्हणून ते स्त्रियांना दिले गेले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे ३७ टक्क्यांवर पोहोचले आणि त्यानंतर घसरत २० टक्क्यांच्या खाली गेले. एवढ्या अवधीत स्त्रियांच्या मेंदूत काही बदल झाला नसणार. बदलली ती त्या कामाची प्रतिष्ठा, त्याचा पगार आणि संगणक हे मुलग्यांचे खेळणे आहे ही जाहिरातींतून रुजलेली समजूत.

वर्गात हे फार बारीक गोष्टींतून घडते. अवघड प्रश्न कोणाकडे टाकला जातो, चुकलेल्या मुलग्याला ‘पुन्हा प्रयत्न कर’ आणि चुकलेल्या मुलीला ‘असू दे, बस खाली’ असे म्हटले जाते का, प्रयोगशाळेत उपकरण कोणाच्या हातात आणि नोंदवही कोणाच्या हातात असते, अशा गोष्टी वर्षानुवर्षे साचत जातात आणि दहावीनंतर आपण त्या साचलेल्या थराला ‘तिचा कल’ असे नाव देतो.

लेखी परीक्षा तर सर्वांना सारखीच असते. तिथे भेदभाव कसा होईल?

उत्तरपत्रिका तपासून झाल्यावरही होऊ शकतो. टोकियोतील एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत स्त्रियांचे गुण वर्षानुवर्षे मुद्दाम कमी केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. कारण असे दिले गेले, की स्त्रिया लग्न आणि बाळंतपणानंतर काम सोडतात आणि रुग्णालयांना डॉक्टर कमी पडतात. चौकशीत जपानमधील आणखीही काही वैद्यकीय महाविद्यालयांत असेच प्रकार आढळले. त्यानंतर, २०२१ मध्ये, जपानच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत स्त्रियांच्या उत्तीर्णतेचे प्रमाण १३.६० टक्के आणि पुरुषांचे १३.५१ टक्के होते. गुणवत्ता आधीही तेवढीच होती. फक्त ती मोजण्याच्या तराजूवर कोणीतरी बोट ठेवले होते.

अमेरिकेतही १९७२ पर्यंत अनेक महाविद्यालये मुलींच्या जागा मर्यादित ठेवत. त्या वर्षी शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा आला, तेव्हा तिथल्या वैद्यकीय पदव्यांपैकी केवळ सुमारे नऊ टक्के स्त्रियांना मिळत होत्या. आज तिथे वैद्यकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

मुलींसाठी वेगळ्या शाळा असाव्यात का?

वेगळी शाळा ही स्वतःहून भेदभाव ठरत नाही. १९६० च्या युनेस्को करारानुसार मुलामुलींच्या शाळा वेगळ्या असू शकतात, मात्र प्रवेशाची संधी समान, शिक्षकांची पात्रता त्याच दर्जाची, इमारत व साधने त्याच गुणवत्तेची आणि अभ्यासक्रम तेच किंवा समकक्ष असले पाहिजेत. या कसोट्या लावल्या की अनेक शाळांचे पितळ उघडे पडते : मुलींच्या शाळेत विज्ञानशाखाच नसते, किंवा मैदान नसते. उलट काही ठिकाणी मुलींची स्वतंत्र शाळा नसेल तर पालक त्यांना पाठवतच नाहीत, हेही तेवढेच खरे. आमचे मत असे, की जिथे वेगळी शाळा हा घराबाहेर पडण्याचा एकमेव मार्ग आहे तिथे ती असावी. पण तिच्या दर्जाची तपासणी अधिक कडकपणे व्हावी, कारण नजरेआड असलेल्या संस्थेला दुय्यम ठेवणे फार सोपे असते.

केवळ मुलींसाठी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी देणे हा मुलग्यांवर अन्याय नाही का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्वीकारलेला स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार, प्रत्यक्ष समता लवकर यावी म्हणून केलेल्या तात्पुरत्या विशेष उपायांना भेदभाव मानत नाही. भारतीय संविधानाचे कलम १५(३) राज्याला स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देते. ‘तात्पुरत्या’ हा शब्द मात्र प्रामाणिकपणे घ्यावा. जिथे मुलगेच मोठ्या संख्येने गळत आहेत तिथे त्यांच्यासाठीही उपाय करावेत, आणि ते मुलींच्या वाट्यातून काढून करू नयेत.

‘मुलगी शिकली तर कुटुंब शिकते’ हा युक्तिवाद का वापरू नये?

वापरू नये असे नाही; पण त्यावर सगळा भार टाकू नये. आईच्या शिक्षणाचा बालमृत्यू, लसीकरण आणि मुलांचे पोषण यांच्याशी असलेला संबंध अनेक देशांत दिसून आला आहे. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सरासरी आठ ते दहा टक्क्यांनी वाढते आणि स्त्रियांच्या बाबतीत ही वाढ पुरुषांपेक्षा थोडी अधिक असते, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. राज्यकर्त्यांना पटवायला ही माहिती उपयोगी पडते.

तरीही मुलगा चांगला बाप व्हावा म्हणून त्याला शाळेत घाला, असे कोणी म्हणत नाही. त्याचे शिक्षण त्याच्यासाठी असते. मुलीच्या शिक्षणाचे समर्थन तिच्या भावी मुलांच्या वजनावरून करावे लागत असेल, तर ज्या मुलीला लग्न करायचे नाही किंवा मूल नको आहे, तिच्या शिक्षणाचे कारण काय उरते? मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील २६ व्या कलमात शिक्षणाचा हक्क ‘प्रत्येकाला’ आहे आणि त्यापुढे कोणतीही उपयुक्ततेची अट नाही.

शिकूनही नोकरी मिळत नसेल तर मुलीने शिकून काय उपयोग?

जगभरात उच्च शिक्षणात आता स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा थोडी अधिक आहे, पण कमावत्या वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या रोजगाराच्या जगात आहेत. पुरुषांत हेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शाळेत शोधण्यासारखे नाही. पाळणाघर, सुरक्षित वाहतूक, समान वेतन आणि घरकामाची वाटणी या गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय पदवीचे रूपांतर पगारात होत नाही, आणि तसे होत नाही हे पाहून पुढच्या घरातले आईबाप मुलीच्या शिक्षणावर खर्च करायला कचरतात. अशा रीतीने बाजारातला भेदभाव मागे फिरून वर्गात येऊन बसतो.

शाळेत किंवा वाटेत छेडछाड होत असेल तर तक्रार केल्यावर मुलीचीच शाळा बंद होते. यावर काय करावे?

हे दुर्दैवाने वारंवार घडते, आणि म्हणूनच अनेक मुली घरी काही सांगत नाहीत. ‘तू जाऊच नकोस’ हा घरच्यांचा निर्णय काळजीपोटी असतो, पण त्यात शिक्षा तक्रार करणारीला होते आणि त्रास देणारा वर्गात बसून राहतो. शाळेने तक्रार घेताना पहिले आश्वासन हेच द्यावे, की मुलीचा वर्ग, तुकडी किंवा वेळ तिच्या इच्छेविना बदलली जाणार नाही. हलवायचे असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवावे. पालकांशी बोलताना तपशिलाइतकेच महत्त्व या आश्वासनाला द्यावे.

बरीच वर्षे शाळा सुटलेल्या स्त्रीला पुन्हा शिकता येते का?

येते. १९७९ च्या कराराचे दहावे कलम प्रौढ स्त्रियांचे सातत्यपूर्ण शिक्षण आणि अकाली शाळा सोडलेल्या मुलींसाठी खास कार्यक्रम, या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करते. मुक्त शाळा आणि मुक्त विद्यापीठे याच गरजेतून उपयोगी पडतात. अडचण बहुतेक वेळा वयाची नसून वेळेची आणि कागदपत्रांची असते : लग्नानंतर नाव बदललेले असते, जुना दाखला सापडत नाही आणि वर्गाची वेळ नेमकी घरकामाच्या वेळेवर येते.

आपल्या शाळेत भेदभाव होतो की नाही, हे शिक्षकांनी कसे तपासावे?

पटसंख्येऐवजी गैरहजेरीपासून सुरुवात करावी. एका वर्षाची हजेरी घेऊन मुलामुलींचे बुडालेले दिवस महिन्यानुसार वेगळे काढले, तर सणांचे, हंगामी कामाचे आणि घरातल्या आजारपणांचे दिवस मुलींच्या रकान्यात कसे साचतात हे बहुधा तासाभरात दिसते. मग वर्गाबाहेरची कामे पाहावीत : झाडलोट, पाणी भरणे आणि पाहुण्यांचे स्वागत कोणाकडे, आणि साहित्य आणणे, मैदान आखणे, संगणक सुरू करणे कोणाकडे. पाठ्यपुस्तकातली चित्रे बदलणे शिक्षकांच्या हातात नसते. हे वाटप मात्र उद्यापासून बदलता येते.

शेवटी शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत उघडावी. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मुलींच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी ‘घरगुती कारण’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले आढळेल. त्या दोन शब्दांत लग्न ठरलेले असते, आई आजारी असते, भावाचे शुल्क भरायचे असते किंवा वाटेत कोणीतरी अडवलेले असते. दाखला लिहून देण्यापूर्वी मुलीशी पालकांच्या अनुपस्थितीत दहा मिनिटे बोलावे, खरे कारण शाळेच्या गोपनीय नोंदीत लिहावे आणि पुढच्या सत्राच्या सुरुवातीला तिच्या घरी एकदा जाऊन यावे.